डोंगरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून सुट्टीच्या दिवशी येऊर, पारसिक, खारघरचे डोंगर, श्रीमलंगगड, माहुली, गोरखगड, पेब किंवा प्रबळगड येथे जाणाऱ्यांपैकी कोणाचे ना कोणाचे काहीतरी वाटेत राहतेच. आमच्या भटक्यांच्या गटात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची एक नोंदवही ठेवली जाते. तिच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. डोंगरात पडलेली वस्तू बहुतेक वेळा डोंगरातच राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीस पडते. सरपणाला गेलेली बाई, गुराखी, ताक-सरबताचे दुकान मांडणारा मुलगा किंवा वनरक्षक यांपैकी कोणीतरी ती आधी पाहतो. म्हणून वस्तू परत मिळण्याची वाट पाड्यावरून आणि पायथ्याच्या गावातून जाते, आणि पुढील बऱ्याच उत्तरांचा रोख त्याच बाजूला आहे.

वस्तू हरवल्याचे लक्षात येताच सर्वप्रथम काय करावे?

जागीच थांबावे आणि ती वस्तू शेवटची नक्की कोठे हातात होती ते आठवावे. या कामी सोबत्यांनी काढलेली छायाचित्रे फार उपयोगी पडतात, कारण प्रत्येक छायाचित्रावर वेळ असते. एका छायाचित्रात गळ्यात चष्मा दिसतो आणि पुढच्या छायाचित्रात दिसत नाही, म्हणजे शोधायचा टप्पा तेवढाच उरतो. मोहिमेच्या लीडरला त्याच वेळी सांगावे, खाली उतरल्यावर नव्हे. परत जायचे ठरले तर एकट्याने जाऊ नये. दोघा-तिघांनी जावे आणि बाकीच्यांनी ठरलेल्या ठिकाणीच थांबावे.

शोधताना नजर पायवाटेवर न ठेवता वाटेच्या दरीकडील बाजूला, झुडपांच्या बुंध्याशी आणि दगडांच्या खोबणीत ठेवावी, कारण उतारावर सुटलेली वस्तू वाटेवर टिकत नाही. बसून डबा खाल्लेली जागा, बूट काढून ओलांडलेला ओढा आणि हातांचा आधार घेऊन चढलेला कातळटप्पा ही तीन ठिकाणे आधी पाहावीत. माहुलीच्या शिडीसारख्या जागी माणूस वाकतो, सॅक कलते आणि वरच्या कप्प्यातील वस्तू निसटते.

वस्तूसाठी परत किती अंतर जावे?

उजेड, पाऊस आणि अंगातील ताकद या तिन्ही गोष्टी अनुकूल असतील तरच आणि तेवढेच जावे. दिवस मावळायच्या आत सर्वजण पायथ्याशी पोहोचू शकत नसतील तर वस्तू सोडून द्यावी, मग ती कितीही महाग असो. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे वनविभागाने ठरवलेल्या वेळेनंतर शोधासाठी आत थांबण्याचा प्रश्नच येत नाही. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात जाण्यास मनाई केली जाते ती तेथे झालेल्या मृत्यूंमुळे. तेथे किंवा कोणत्याही फुगलेल्या ओढ्यात पडलेला मोबाइल काढायला कोणीही उतरू नये. कड्यावरून खाली गेलेल्या वस्तूसाठी बचाव पथकांना बोलावू नये. ती पथके स्वयंसेवकांची असतात आणि माणसांसाठी असतात. माणूस अडकला असेल तर मात्र ११२ वर लगेच कळवावे.

मोबाइल हरवला आहे. सोबत्याने सतत रिंग देत राहावे का?

सतत देऊ नये. मोबाइलची बॅटरी हीच आता तुमची मुदत आहे, आणि ऐकायला जवळ कोणी नसताना दिलेली प्रत्येक रिंग ती मुदत कमी करते. शोधणारे अपेक्षित जागेजवळ पोहोचले, सर्वांनी बोलणे थांबवले, की मग रिंग द्यावी. मोबाइल सायलेंटवर असेल तर साध्या कॉलचा उपयोग नाही; त्याऐवजी अँड्रॉइडसाठी गुगलच्या आणि आयफोनसाठी ॲपलच्या उपकरण-शोध सुविधेतून आवाज वाजवावा, कारण तो सायलेंटवरही वाजतो. त्यासाठी हरवलेल्या मोबाइलला इंटरनेट मिळायला हवे, आणि दरीत ते अनेकदा मिळत नाही. अशा वेळी नकाशावर दिसणारी जागा ही नेटवर्क शेवटचे मिळाले तेव्हाची असते. तेथे पोहोचून मोबाइल दिसला नाही म्हणून तो कोणी उचलला असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याच सुविधेतून मोबाइल दूरस्थपणे लॉक करून पडद्यावर दुसऱ्याचा संपर्क क्रमांक आणि ‘हा मोबाइल सापडल्यास कृपया कळवावे’ असा मजकूर मराठीतून टाकावा.

सिम कार्ड लगेच बंद करावे की थांबावे?

हा प्रश्न खरोखरच पेचाचा आहे. सिम बंद केले की मोबाइलचे इंटरनेट जाते, आणि मग तो वाजवता येत नाही की नकाशावर दिसत नाही. सिम चालू ठेवले तर ते काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घालणाऱ्याला तुमचे ओटीपी मिळू शकतात. आमचे मत असे, की मोबाइल रानात पडल्याची खात्री असेल, पडदा लॉक असेल आणि सिमलाही पिन लावलेला असेल, तर बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड थांबवावे आणि बॅटरी असेपर्यंत सिम चालू ठेवून शोध घ्यावा. सिमला पिन नसेल, किंवा मोबाइल गर्दीच्या जागी, बसमध्ये वा स्थानकावर गेला असेल, तर वाट न पाहता सिम बंद करावे. खात्यातून पैसे गेल्याचे दिसल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी, कारण तेथे पहिल्या काही तासांतच रक्कम अडवण्याची संधी असते.

सिमला पिन लावण्याची सोय प्रत्येक मोबाइलच्या सेटिंगमध्ये आहे आणि आम्ही मोहिमेच्या आदल्या दिवशी सर्वांना ती वापरायला सांगतो.

संचार साथी संकेतस्थळावरून मोबाइल ब्लॉक केल्याने काय होते?

दूरसंचार विभागाच्या या संकेतस्थळावरील सीईआयआर सुविधा मे २०२३ पासून देशभर उपलब्ध आहे. तेथे मोबाइलचा आयएमईआय, म्हणजे त्या उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक केला की कोणतेही सिम घातले तरी तो देशातील नेटवर्कवर चालत नाही आणि कोणी वापरण्याचा प्रयत्न केल्यास त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचू शकतो. त्यासाठी पोलिसांकडील तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय क्रमांक लागतो. तो खोक्यावर व पावतीवर छापलेला असतो. मोबाइल हातात असतानाच *#०६# दाबून तो क्रमांक वहीत उतरवून घरी ठेवावा. ही विनंती नोंदवताना ओटीपी लागतो; हरवलेल्या क्रमांकाच्या डुप्लिकेट सिमवर एसएमएस सुरू व्हायला साधारण एक दिवस जातो, त्यामुळे तो लगेच आला नाही तर गोंधळू नये. मोबाइल सापडल्यावर ब्लॉक करताना मिळालेला विनंती क्रमांक देऊन तो पुन्हा चालू करून घेता येतो.

तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात द्यावी?

वस्तू जेथे हरवली तेथील ठाण्यात देणे सर्वात सोयीचे, पण आपल्या परिसरात हद्दी गुंतागुंतीच्या आहेत. येऊर ठाणे शहर पोलीस आयुक्तालयात येते. माहुली आणि गोरखगड ठाणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत. खारघर नवी मुंबई आयुक्तालयात आहे. पनवेल तालुका जिल्ह्याने रायगडमध्ये असला तरी पनवेलची पोलीस ठाणी नवी मुंबई आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहेत, तर पेब आणि माथेरानसाठी रायगड पोलिसांकडे जावे लागते. घरी परतल्यावर कळव्यात किंवा ऐरोलीत हे लक्षात येणाऱ्यांची त्यामुळे धावपळ होते. शक्य असेल तर परतीच्या वाटेवरच शहापूर, मुरबाड वा नेरळ येथे थांबून गहाळ नोंद करून घ्यावी आणि तिची प्रत घ्यावी.

अर्जात ‘चोरी’ हा शब्द खात्री असेल तेव्हाच लिहावा. हरवल्याची नोंद आणि चोरीचा गुन्हा यांची पुढची वाट वेगवेगळी असते, आणि चुकीच्या शब्दामुळे पाड्यावरच्या निरपराध माणसांची चौकशी होऊ शकते.

पायथ्याच्या गावात कोणाला आणि कसे सांगावे?

जेथे गाडी लावली ते घर, जेथे जेवलात किंवा चहा घेतलात ते घर, वनविभागाचा नाका असेल तर तेथील कर्मचारी, आणि सोबत वाटाड्या घेतला असेल तर तो, एवढ्यांना प्रत्यक्ष भेटून सांगावे. सांगताना वस्तूचे वर्णन, हरवल्याची जागा आणि संपर्क क्रमांक एका कागदावर मोठ्या, स्पष्ट अक्षरांत मराठीतून लिहून द्यावा. जागेचे नाव स्थानिकांकडून विचारून घ्यावे; आपण ज्याला ‘दुसरा पठाराचा टप्पा’ म्हणतो त्याला गावात स्वतःचे नाव असते, आणि ते नाव सांगितले की ऐकणाऱ्याला नेमके झाड डोळ्यांसमोर येते.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे विचारण्याची भाषा. ‘कोणी उचलला का?’ हा प्रश्न ठाकर, वारली किंवा कातकरी वस्तीवर जाऊन विचारणे हा सरळ आरोप आहे, आणि तो ज्यांच्यावर केला जातो त्यांच्याच अंगणातून आपली वाट जाते. ‘काका, आमचा मोबाइल वरच्या ओढ्यापाशी पडला असावा, कोणाच्या दृष्टीस पडला तर या क्रमांकावर कळवाल का?’ असे विचारावे. आमच्या नोंदवहीत एका चष्म्याची नोंद आहे : काळी फ्रेम, उजव्या दांडीला निळा दोरा, शिडीच्या खाली कारवीच्या झुडपांत सापडला. तो आणून देणाऱ्या मावशींनी काचा खरचटू नयेत म्हणून पळसाच्या पानात गुंडाळून वरून सुतळी बांधली होती. तोवर त्याच मोहिमेतील कोणीतरी खाली ‘आता कसला मिळतोय’ म्हणून मोकळे झाले होते. असे बोलणे आम्ही गटात चालू देत नाही.

गाडीची किल्ली हरवली तर?

गाडी उघडण्यासाठी काच फोडू नये. घरी दुसरी किल्ली असेल तर ती मागवणे हाच सर्वात स्वस्त उपाय असतो, आणि ठाण्याहून माहुलीजवळच्या आसनगावपर्यंत लोकलने ती कोणीही आणून देऊ शकतो. किल्लीला लावलेल्या बिल्ल्यावर फक्त संपर्क क्रमांक कोरावा. घराचा पत्ता किंवा गाडीचा क्रमांक कधीही लिहू नये, कारण सापडणाऱ्याला तुम्हाला गाठता यावे एवढाच त्याचा हेतू आहे. किल्ली पँटच्या खिशात न ठेवता सॅकच्या आतील कप्प्यातील कडीला अडकवावी.

वाटेत कोणाची तरी वस्तू दिसली. उचलावी की तेथेच ठेवावी?

वाट वर्दळीची असेल आणि मालक थोडाच पुढे किंवा मागे असण्याची शक्यता असेल, तर वस्तू वाटेकडेच्या उंच दगडावर सहज दिसेल अशी ठेवणे चांगले, विशेषतः टोपी, बाटली, काठी अशा गोष्टी. मोबाइल, पाकीट, किल्ली, कॅमेरा आणि औषधे मात्र उचलून सुरक्षित करावीत. उचलण्यापूर्वी जागेचे छायाचित्र घ्यावे आणि आपल्या मोबाइलच्या नकाशावर ती जागा जतन करावी. जीपीएस नेटवर्कशिवायही चालते. त्यानंतर भेटणाऱ्या प्रत्येक गटाला विचारत उतरावे आणि पायथ्याशी, जेथे मालक विचारायला येईल त्या घरी किंवा नाक्यावर, आपला क्रमांक ठेवून यावे. वस्तू परस्पर ठाणे शहरात नेली आणि पायथ्याशी कोणालाच सांगितले नाही, तर सद्हेतूने केलेल्या कामामुळेच ती मालकापासून आणखी दूर जाते.

सापडलेल्या वस्तूची सूचना देताना सगळे वर्णन द्यावे का?

देऊ नये. प्रकार, ठिकाण आणि दिवस एवढेच जाहीर करावे आणि किमान दोन खुणा स्वतःकडे राखून ठेवाव्यात. ‘पेबच्या वाटेवर रविवारी एक मनगटी घड्याळ सापडले आहे’ एवढे पुरेसे आहे. पट्ट्याचा रंग, काचेवरचा चरा, मागे कोरलेली अक्षरे हे मागणाऱ्याने सांगायचे असते. मोबाइलच्या बाबतीत तो आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगावे. रोख रकमेचा आकडा तर कधीही जाहीर करू नये. दोघांनी एकाच वस्तूवर हक्क सांगितला आणि समाधान झाले नाही, तर आपण न्यायनिवाडा न करता ती पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्यावी.

सापडलेली वस्तू ठेवून घेणे गुन्हा आहे का?

मालक शोधण्याचा योग्य प्रयत्न न करता ती आपलीशी करणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अशा अपहारास किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. मात्र जपून ठेवण्यासाठी किंवा मालकाला परत देण्यासाठी वस्तू उचलणाऱ्याने काहीच गैर केलेले नसते, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात नमूद आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याची जबाबदारी विश्वासाने सोपवलेला माल सांभाळणाऱ्याइतकीच असते. आपल्या स्वतःच्या वस्तूची समजदार माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घ्यायची असते. म्हणून सापडलेला कॅमेरा पुढच्या मोहिमेत वापरून पाहणे योग्य नाही.

शोधणाऱ्याला खर्च किंवा बक्षीस मागता येते का?

वस्तू सांभाळण्यासाठी आणि मालक शोधण्यासाठी झालेला खर्च मिळेपर्यंत ती आपल्याकडे ठेवण्याचा अधिकार करार अधिनियमाचे कलम १६८ देते, परंतु त्या खर्चासाठी दावा लावता येत नाही. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी मात्र दावा करता येतो, म्हणून देण्याची तयारी असेल तेवढेच जाहीर करावे. पाड्यावरच्या माणसाने वस्तू सांभाळून ठेवली असेल, तर त्याचा मोडलेला दिवस आणि फोनचा खर्च मालकाने न मागता द्यावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आधार कार्ड, परवाना किंवा बँकेचे कार्ड सापडले तर?

त्याचे छायाचित्र गटांत फिरवू नये. नाव आणि गाव एवढेच सांगावे, क्रमांक झाकावा. बँकेचे कार्ड त्या बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येते.

कॅमेऱ्यातील छायाचित्रे पाहून मालक शोधावा का?

पहिली काही छायाचित्रे, मालक किंवा त्याचा गट ओळखता येईल एवढ्यापुरतीच, आणि शक्यतो दोघांच्या उपस्थितीत पाहावीत. कोणाचाही चेहरा जाहीर करू नये. गटाचा फलक, टी-शर्टवरील नाव किंवा गाडीचा क्रमांक दिसला तर त्यावरून चौकशी करावी.

औषधे सापडली तर?

थांबू नये. इन्सुलिन, दम्याचा पंप किंवा हृदयविकाराच्या गोळ्या असतील तर मालक अजून डोंगरावरच असण्याची आणि त्याला त्यांची गरज पडण्याची शक्यता धरून वरच्या गटांपर्यंत निरोप पोहोचवावा.

माकडांनी पिशवी पळवली, काय करावे?

माथेरानला आणि मलंगगडाच्या पायऱ्यांवर हे नेहमी घडते. मागे धावू नये, विशेषतः कड्याच्या बाजूला. दगड तर मुळीच मारू नये. माकडाला खाद्यपदार्थ हवे असतात; ते मिळाले किंवा नाहीत याची खात्री झाली की पिशवी ते बहुधा टाकून देते. लांब उभे राहून ती कोठे पडते याकडे लक्ष ठेवावे आणि जवळच्या दुकानदाराला विचारावे, कारण माकडे कोणत्या झाडावर किंवा छपरावर जाऊन बसतात हे त्याला ठाऊक असते. चमकदार प्लॅस्टिक पिशवी हातात धरून चालू नये.

किल्ल्यावर जुने नाणे किंवा जंगलात सांबराचे शिंग सापडले तर ते ठेवता येते का?

नाही. या वस्तू कोणाच्या खिशातून पडलेल्या नसतात, तरीही त्या सापडणाऱ्याच्या होत नाहीत. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातले आहे, आणि शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. तोफगोळा, कोरीव दगड, खापर जेथे आहे तेथेच राहू द्यावे, कारण जागेवरून हलवलेल्या वस्तूची निम्मी माहिती जागेबरोबरच जाते. छायाचित्र आणि नेमके ठिकाण पुरातत्त्व विभागाला कळवावे. सांबर दरवर्षी शिंगे गाळते, त्यामुळे ती जंगलात पडलेली दिसतात, पण वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती घरी नेता येत नाहीत. वनरक्षकाला जागा दाखवावी.

परतीच्या लोकलमध्ये किंवा एसटीत सॅक राहिली तर?

लोकलसाठी १३९ वर कळवावे आणि गाडीची वेळ, डबा, बसल्याची बाजू आणि उतरलेले स्थानक सांगावे. रेल्वे सुरक्षा दल प्रवाशांचे राहिलेले सामान ‘ऑपरेशन अमानत’ या उपक्रमातून परत करते. एसटीचे तिकीट घरी पोहोचेपर्यंत फेकू नये. त्यावरून बस आणि आगार कळते, आणि वाहकाला सापडलेली वस्तू आगारातच जमा होते.

पावसाळ्यात हरवलेली वस्तू नंतर मिळण्याची आशा असते का?

असते. पावसात गवत आणि कारवी माणसाच्या कमरेपर्यंत वाढते आणि त्यात पडलेले काहीच दिसत नाही. दिवाळीनंतर गवत वाळून आडवे होते आणि पायवाटेच्या दोन्ही बाजू उघड्या पडतात. किल्ली, घड्याळ, अंगठी अशा वस्तू त्या काळात मिळतात. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरांवर वणवे लागतात, त्यामुळे दुसरी फेरी डिसेंबर-जानेवारीतच मारावी. आमच्या नोंदवहीतील पावसाळ्याच्या नोंदी त्याच कारणासाठी पुढचा पाऊस येईपर्यंत खुल्या ठेवल्या जातात.

वस्तू परत मिळाल्यावर काही करायचे राहते का?

होय. पोलिसांना कळवून गहाळ नोंद बंद करावी, मोबाइल ब्लॉक केला असेल तर तो आधी चालू करून घ्यावा आणि आमच्या नोंदवहीत मिळाल्याची तारीख टाकावी. ज्या ज्या घरी आणि नाक्यावर कागद देऊन आलात तेथे फोन करून वस्तू मिळाल्याचे जरूर सांगावे, नाहीतर गुरे घेऊन वर जाणारा माणूस महिनोन्महिने त्या ओढ्यापाशी तुमचा मोबाइल शोधत राहतो.